‘इतर’ नावाच्या रकान्यातला अल्कोहोल: साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
डिस्टिलरी असलेले महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने

विषय: औद्योगिक अल्कोहोलच्या गिऱ्हाइकांना आपण दारातून परत पाठवलं, त्याबद्दल.

स. न. वि. वि.

मी एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो आणि डिस्टिलरी इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. घरचा चार एकर ऊस आहे, म्हणजे सभासदही आहे. त्यामुळे हे पत्र अर्धं नोकराचं आणि अर्धं मालकाचं समजा. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका कारखान्याची नाहीच.

२०२१च्या दिवाळीनंतर मला एक फोन आला. महाडकडच्या एका रासायनिक कारखान्यात खरेदी बघणारे गृहस्थ. पंचवीस वर्षं ते आमच्याकडून रेक्टिफाइड स्पिरिट (आरएस, म्हणजे पंच्याण्णव टक्क्यांचं अल्कोहोल) नेत होते. म्हणाले, “साहेब, तुमच्या माणसांना शब्द टाका. महिन्याला दोन टँकर तरी द्या म्हणावं.” मी निवृत्त माणूस, तरी गेलो. नव्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, “काका, सगळा माल ऑइल कंपन्यांना बुक आहे. आता तो आरएसचा धंदा कोण करतो?” परत येऊन मी फोन लावला आणि नाही म्हणालो. ज्या माणसाने १९९८ साली, कोणी विचारत नव्हतं तेव्हा आगाऊ पैसे देऊन आमच्या टाक्या मोकळ्या केल्या होत्या, त्याला.

तेव्हापासून मनात आहे ते आज लिहितो.

आधी एक कबुली. मी पेट्रोलमध्ये जाणाऱ्या इथेनॉलच्या विरोधात नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं, हा नियम १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो पाळला जातोय असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते इथेनॉलचे पैसे यायला लागल्यावर. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा पहिला प्रयोग २००१ साली झाला तो आपल्याच मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. त्या वेळी आम्ही केमिस्ट लोक पेढे वाटायच्या बेतात होतो. २०१३-१४ साली ऑइल कंपन्यांना देशभरातून ३८ कोटी लिटर इथेनॉल गेलं होतं, मिश्रण दीड टक्का. २०२३-२४मध्ये ७०० कोटी लिटरच्या वर गेलं आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. दहा-अकरा वर्षांत एवढी उडी दुसऱ्या कुठल्या शेतीमालाने मारली असेल, तर मला माहीत नाही.

पण या उडीचा हिशेब मांडताना एक रकाना कायम रिकामा राहतो. नीती आयोगाने जून २०२१मध्ये वीस टक्क्यांचा आराखडा काढला. त्यात २०२५-२६साठी लागणाऱ्या अल्कोहोलचा अंदाज असा: पेट्रोलसाठी १,०१६ कोटी लिटर, आणि ‘इतर वापरासाठी’ ३३४ कोटी लिटर. या ‘इतर’मध्ये पिण्याची दारूही आली आणि औषधं, रंग, शाई, रसायनंही आली. आपल्या वार्षिक अहवालातही तेच. इथेनॉलला पानभर आलेख, हार घातलेल्या टँकरचा फोटो, आणि खाली एक ओळ: ‘इतर विक्री’. आमच्या अहवालात गेली तीन वर्षं त्या ओळीपुढे आडवी रेघ आहे.

त्या रेघेमागे काय होतं, ते तरुण संचालकांना माहीत असायचं कारण नाही, म्हणून थोडं मागे जातो.

मळी ही एके काळी डोकेदुखी होती. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक, त्याची किंमत सरकार ठरवणार, कोणाला द्यायची तेही सरकार ठरवणार. १९६१चा मळी नियंत्रण आदेश तसाच होता. टाक्या भरल्या की मळी उघड्या खड्ड्यांत जायची. पावसाळ्यात तो खड्डा फुटला की ओढ्यातले मासे उलटे, आणि कारखान्याचे ओव्हरसियर गावकऱ्यांच्या तावडीत. त्या मळीला पहिली किंमत आली ती रसायनवाल्यांमुळे. देशात तेव्हा नाफ्थावर (खनिज तेलातून निघणाऱ्या कच्च्या मालावर) चालणारे मोठे प्रकल्प नव्हते, तेव्हा कार्बन आणायचा कुठून? अल्कोहोलमधून. बरेलीला सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीने साठच्या दशकात चक्क अल्कोहोलपासून कृत्रिम रबर काढलं. अल्कोहोलपासून असिटाल्डिहाइड, त्यापासून असेटिक अॅसिड, त्यापासून इथाइल असिटेट, अशी साखळी आपल्याकडे उभी राहिली. पुढे पेट्रोकेमिकल आलं आणि रबर, प्लास्टिक तिकडे गेलं. इथाइल असिटेट मात्र टिकून राहिलं.

ही वस्तू तुमच्या खिशात रोज येते. वेफर्सच्या पाकिटावरची रंगीत छपाई, औषधाच्या गोळ्या बनवताना लागणारं द्रावक, चिकटवायचं सोल्यूशन, नेलपॉलिश, सगळीकडे तो गोडसर वास असतो. रसायनशास्त्राचा साधा हिशेब करा: एक टन इथाइल असिटेटला कमीत कमी ५२० किलो अल्कोहोल लागतं, म्हणजे साडेसहाशे लिटरच्या वर. महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूर या पट्ट्यात वर्षाला किती टँकर रिचत असतील, याचा अंदाज यावरून बांधा.

जून १९९३मध्ये केंद्राने मळीवरचं आणि अल्कोहोलवरचं किमतीचं नियंत्रण उठवलं. तो दिवस मला आठवतो. आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “आता भाव कोण सांगणार?” तीसेक वर्षांच्या सवयीनंतर तो प्रश्न अगदी रास्त होता. मग आम्ही शिकलो. गिऱ्हाईक शोधायला मी स्वतः बॅग घेऊन लोट्याला गेलोय. कोणाला आल्डिहाइड कमी हवं, कोणाला मिथेनॉलचा अंश अजिबात चालत नाही, कोणाला डिनेचर केलेलं, म्हणजे पिता येऊ नये म्हणून काही मिसळलेलं, चालतं, कोणाला नाही. एका निळ्या बाइंडिंगच्या वहीत मी प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान केलं होतं: माल कसा हवा, पैसे किती दिवसांत देतो, मंदीत उचल करतो का. त्या वहीत शेवटी एकतीस नावं होती. हा बाजार आपण स्वतःच्या हाताने उभा केला होता, सरकारी आदेशाने नव्हे.

आणि तो आपण तीन-चार हंगामांत मोडला.

आता तुम्ही म्हणाल, ज्याने जास्त भाव दिला त्याला माल दिला, यात चूक काय? वाद भावाचा नाहीच. एकाच गिऱ्हाइकाला सगळा माल दिला, ही चूक. आणि गिऱ्हाईकही कसं, तर ज्याचा भाव दिल्लीत मंत्रिमंडळ ठरवतं, ज्याची खरेदी टेंडरवर चालते आणि ज्याचा नियम एका रात्रीत बदलतो. ७ डिसेंबर २०२३ विसरला नसालच. हंगाम ऐन भरात, ज्यूस थेट फर्मेंटरला जात होता, आणि संध्याकाळी आदेश आला की उसाच्या रसापासून, सिरपपासून इथेनॉल करायचं नाही. पाऊस कमी होता, साखर महागायची भीती होती, निवडणूक तोंडावर होती. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेइतकी सवलत मिळाली, पण तोवर ज्यांनी व्याज अनुदानाच्या भरवशावर नवे प्लांट टाकले होते त्यांचे हप्ते काही थांबले नव्हते. बंदी पूर्ण उठली ऑगस्ट २०२४च्या अखेरीस, हंगाम संपून चार महिने झाल्यावर.

भावाचंही बघा. उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवीला, म्हणजे थोडी साखर ठेवलेल्या मळीच्या इथेनॉलला, ६० रुपये ७३ पैसे हे दर २०२२-२३च्या हंगामाला ठरले. त्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेला किमान भाव, टनाला ३,०५० रुपये होती, २०२५-२६ला ती ३,५५० झाली, तरी हे दर जागचे हलले नाहीत. एका टनाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं. गुणाकार करा, ४,५९३ रुपये होतात. त्यातून मूळ उताऱ्याची (उसातून निघणाऱ्या साखरेच्या ठरलेल्या प्रमाणाची) एफआरपी वजा केली तर हातात हजारभर रुपये राहतात, आणि त्यात पगार, वाफ, वीज, दुरुस्ती, बँकेचं व्याज, स्पेंट वॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) विल्हेवाट हे सगळं बसवायचं. आपल्या भागात उतारा जास्त, म्हणजे एफआरपीही जास्त, म्हणजे उरणारा आकडा आणखी लहान. मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१ रुपये ८६ पैसे.

मक्यावरून आठवलं. २०२५-२६साठी ऑइल कंपन्यांकडे देशभरातून सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. त्यांनी घेतले सुमारे १,०४८ कोटी लिटर. त्यात ऊसवाल्यांचा वाटा साधारण २८ टक्के. काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतांश वाटा आपलाच होता. म्हणजे आधी आपण जुन्या गिऱ्हाइकाला सांगितलं की माल नाही, आणि आता नवं गिऱ्हाईक आपल्याला सांगतंय की एवढा माल नको. देशाची इथेनॉलक्षमता अठराशे कोटी लिटरच्या पुढे गेली आहे. त्यातले कितीतरी कॉलम यंदा वर्षातले काही महिनेच गरम राहतील. आपल्या शेजारच्या तालुक्यातला दिवसाला साठ हजार लिटरचा प्लांट मी गेल्या महिन्यात पाहिला. गेटवर शुकशुकाट, कुत्रं झोपलेलं.

या सगळ्यात आपला महाडवाला कुठे गेला? तो बंद पडला नाही. त्याने आयातीचा माल सुरू केला. सरकारने इंधनासाठी इथेनॉलची आयात रोखली आहे, उद्योगासाठी नाही, आणि औद्योगिक इथेनॉलच्या आयातीत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा आहे. तिकडच्या मक्याचं अल्कोहोल जहाजाने येतं, टँकरने घाट चढतं, आणि आपल्या कारखान्याच्या फाट्यावरून पुढे जातं. ज्या देशात वर्षाला हजार कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये ओततात, त्या देशातल्या शाईच्या कारखान्याला अमेरिकेतल्या आयोवाचा मका लागतो. हे वाचून कोणाला हसू आलं तर येऊ द्या, मला आलं नाही.

कराचाही भाग आहे. इंधनाच्या इथेनॉलवरचा जीएसटी २०१८ साली १८वरून ५ टक्क्यांवर आणला. औद्योगिक स्पिरिट १८ टक्क्यांवरच राहिलं, आणि ऑक्टोबर २०२३च्या जीएसटी परिषदेने ते तसंच ठेवलं. मोठ्याला हा कर पुढे वळता करता येतो, पण छोट्या कारखानदाराचं खेळतं भांडवल त्यात अडकून पडतं. याच बैठकीत मळीवरचा कर २८वरून ५वर आला, ते बरं झालं. ते आपल्याला पाठ आहे, कारण त्याचे आपण पेढे वाटले. औद्योगिक स्पिरिटवरच्या अठरा टक्क्यांबद्दल एकाही फेडरेशनने ठराव केल्याचं माझ्या कानावर नाही.

आता मुंबईचा विषय. तुमच्यापैकी किती जण विधानसभेत बसतात हे मी सांगायला नको, म्हणून हा भाग खास त्यांच्यासाठी.

२३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. औद्योगिक अल्कोहोलसुद्धा घटनेतल्या ‘मादक पेय’ या शब्दात येतं आणि त्यावर राज्यांचा अधिकार चालतो, असं बहुमताने ठरलं. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत नोंदवलं. याआधी १९८९ साली सात जणांच्या पीठाने नेमकं उलटं म्हटलं होतं, आणि तो खटला होता बरेलीच्या त्याच रबरवाल्या कंपनीचा. म्हणजे पस्तीस वर्षं औद्योगिक अल्कोहोलची मुख्य दोरी दिल्लीच्या हातात होती, ती आता मुंबईच्या हातात आली.

या दोरीची मला भीतीही वाटते. माझ्या तरुणपणी गोडाउनला दोन कुलपं असायची, एक आमचं आणि एक एक्साइजच्या इन्स्पेक्टरचं. इन्स्पेक्टरसाहेब लग्नाला गेले की टँकर उभा. परवाना, वाहतूक पास, देखरेख फी, आणि प्रत्येक कागदामागे एक खुर्ची. राज्य सरकारला पैशांची गरज आहे, लाडक्या योजना चालवायच्या आहेत. उद्या कोणाला सुचलं की औद्योगिक स्पिरिटवरही लिटरमागे फी लावू, तर न्यायालयाचं बोट दाखवायला आता मोकळीक आहे. तसं झालं तर उरलेसुरले गिऱ्हाईकही गुजरातेत जाईल किंवा आयातीकडे.

पण त्या दोन कुलपांमागे कारण होतं, हे मी नाकारत नाही. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. ते विष मिथेनॉलचं होतं, आपण मळीतून काढतो ते नव्हे. तरी उद्योगाच्या नावाने निघालेला पिंप गुत्त्यात पोचतो तेव्हा काय होतं, हे त्यातून कळलं. त्यामुळे टँकरवर नजर हवीच. ती मोजमापाची असावी, अडवणुकीची नको. फ्लो मीटर, जीपीएस आणि डिनेचरिंगची तपासणी एवढ्याने काम होतं, टँकर चार दिवस उभा ठेवावा लागत नाही. हे विधानसभेत बोलायला आपल्याइतकी माहितगार मंडळी दुसरी कोण आहेत?

मग मी मागतोय काय? फार नाही. डिस्टिलरीच्या उत्पादनाचा पाचवा हिस्सा उद्योगासाठी राखून ठेवा, वर्षभराच्या कराराने, मळीच्या भावाशी जोडलेल्या दराने. साठ हजार लिटरच्या प्लांटमध्ये हे दिवसाला बारा हजार लिटर होतात, म्हणजे दोन दिवसांत साधारण एक टँकर. त्यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत, उलट एक टप्पा वाचतो. कॉलममधून पंच्याण्णव टक्क्यांचं स्पिरिट निघतं, ते पेट्रोलसाठी साडेनव्व्याण्णवच्या वर न्यायला पुन्हा मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषून घेणाऱ्या चाळणीतून) काढावं लागतं, त्याला वेगळी वाफ. कित्येक रसायनवाल्यांना ते शेवटचे चार-पाच टक्के पाणी चालतं. हा पाचवा हिस्सा कदाचित लिटरमागे दोन रुपये कमी देईल. पण ज्या वर्षी दिल्लीहून संध्याकाळचा आदेश येईल, त्या वर्षी बॉयलर तोच चालू ठेवेल.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे त्यांनी साकरवाडीला जाऊन यावं. कोपरगाव तालुक्यात सोमैयांच्या कंपनीने अल्कोहोलपासून रसायनं करायचं काम कित्येक दशकं चालवलं आहे. ऊस आणि डिस्टिलरी कर्नाटकात समीरवाडीला, आणि रसायनं इथे. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स अल्कोहोलपासून ग्लायकॉल करते, जे जगभर बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासून होतं. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. असेटिक अॅसिड बाहेरून आणावं लागतं, चीनचा माल भाव पाडतो, आणि सहकारात निर्णय घ्यायला लागतो तेवढ्या वेळात इथाइल असिटेटचा भाव तीनदा वरखाली होतो. एकट्या कारखान्याने यात उडी मारू नये. चार-पाच कारखान्यांनी मिळून, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला सोबत घेऊन एक प्रकल्प बघावा. प्रवरानगरला पन्नासच्या दशकाच्या तोंडावर विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे केलं ते याहून अवघड होतं.

आणखी एक, अगदी बिनखर्चाचं. अहवालातली ‘इतर विक्री’ ही ओळ फोडा. औद्योगिक किती, पिण्यासाठी किती, औषधांसाठी किती, दर काय, गिऱ्हाईकं किती. राज्यातल्या सगळ्या कारखान्यांनी हे आकडे दर महिन्याला जाहीर केले तर महाराष्ट्रात औद्योगिक अल्कोहोल किती होतं आणि किती बाहेरून येतं, हे पहिल्यांदाच सभासदाला दिसेल. आज हा प्रश्न विचारला तर एक्साइजवाले साखर आयुक्तालयाकडे बोट दाखवतात, ते ऑइल कंपन्यांकडे, आणि ऑइल कंपन्यांना फक्त पेट्रोलचं माहीत.

आमच्या कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. प्रश्न लेखी द्यावा लागतो, तो मी दिला आहे, पोच घेतली आहे. गेल्या वर्षीही दिला होता. तेव्हा ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय क्रमांक सहा आणि सात एकदमच संपले. या वेळी मी माइकजवळच्या खुर्चीवर बसणार आहे.

आणि ती निळी वही माझ्याकडेच आहे. परवा बसून एकेका नंबरवर फोन केले. एकतीसपैकी नऊ धंद्यातून बाहेर पडले, चार गुजरातेत गेले, दोघांचे नंबर लागत नाहीत. सोळा जण अजून आपल्याकडेच आहेत, आणि त्यातल्या अकरा जणांनी विचारलं, माल कधीपासून देताय? ज्या कारखान्याला वही हवी असेल त्याने माणूस पाठवावा. मी झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद व निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट